नोड, डेनो की बन? सियागंजच्या ऑर्डर-बिलिंगसाठी रनटाइम निवडायचाय

सियागंजकर

नमस्कार मंडळी. नोड, डेनो आणि बन हे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे रनटाइम; त्यांतला एक निवडायचाय. आधी मांडणी देतो, मग प्रश्न.

इंदूरच्या सियागंजातल्या घाऊक किराणा पेढ्यांसाठी ऑर्डर आणि बिलिंगचं बॅकएंड (सर्व्हरवरचा प्रोग्राम) आहे. देवास, महू, धारकडचे किरकोळ दुकानदार मोबाइलवरून ऑर्डर टाकतात, पेढीवर बिल निघतं आणि त्याची पीडीएफ दुकानदाराला जाते. सध्या नोड १६, एक्सप्रेस ४ (वेब फ्रेमवर्क), मायएसक्यूएल ८ (डेटाबेस) आणि रेडिस (मेमरीतला जलद साठा). पासवर्डसाठी बीक्रिप्ट, मालाच्या फोटोंसाठी शार्प, पीडीएफसाठी पपेटियर, ऑर्डरची स्थिती दाखवायला सॉकेट डॉट आयओ. मुंबई रीजनमध्ये दोन कोअर, चार जीबीचं एक मशीन, त्यावर उबुंटू १८.०४, पीएम२ या प्रोसेस सांभाळणाऱ्या साधनाच्या क्लस्टर मोडमध्ये दोन प्रोसेस, पुढे रिक्वेस्ट वाटून देणारा लोड बॅलन्सर. सकाळी दहा ते बारा गर्दी असते. त्या वेळात लॉगिन अडकतं, आणि गर्दी नसतानाही अधूनमधून ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही, अशी चूक) येतो. टीम तीन जणांची.

मालकांचं म्हणणं, बन सगळ्यात वेगवान आहे तर त्यावर न्या. सगळं नव्याने लिहायला वेळ नाही. पण रनटाइम बदलायचा असेल तर आत्ताच बदलून घेऊ. तीनपैकी कोणता, आणि का?

पलासिया_नाका

रनटाइमचं नंतर बघू. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारींची कारणं दुसरीकडे आहेत. ती तशीच ठेवून बनवर गेलात तर तीही सोबत येतील.

पहिलं लॉगिन. नोडमध्ये तुमचा कोड एका थ्रेडवर चालतो, पण काही कामं लिबयूव्ही या नोडच्या आतल्या लायब्ररीच्या थ्रेडपूलमध्ये (कामं वाटून घेणाऱ्या थ्रेडच्या गटात) जातात आणि त्या पूलमध्ये डीफॉल्टने फक्त ४ थ्रेड असतात. फाइल वाचणं-लिहिणं, झेडलिबचं कॉम्प्रेशन, डीएनएसचं लुकअप, बीक्रिप्टचं असिंक हॅशिंग, शार्पचं काम, सगळं त्याच चार थ्रेडवर. सकाळी दहाला पन्नास दुकानदार एकदम लॉगिन करतात तेव्हा चारही थ्रेड बीक्रिप्टमध्ये गुंततात. मागे शार्प उभा, त्याच्या मागे डीएनएस लुकअप. म्हणून लॉगिनच्या गर्दीत एसएमएस पाठवणारी रिक्वेस्टही रखडते. तिचा पासवर्डशी काही संबंध नाही, तिला नुसता होस्टचा पत्ता शोधायचा असतो.

यूव्ही_थ्रेडपूल_साइझ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाढवा असा सल्ला मिळेल. डिस्क आणि डीएनएसची गर्दी असेल तर त्याने फरक पडतो. पण बीक्रिप्ट पूर्णपणे सीपीयूचं काम आहे आणि तुमच्याकडे कोअर दोनच. थ्रेड सोळा केलेत तरी कोअर दोनच राहणार, प्रत्येक हॅश तेवढा जास्त वेळ घेईल. खरा इलाज दोन ठिकाणी:

बीक्रिप्टचा कॉस्ट (एका हॅशला किती काम, तो आकडा) बघा. प्रत्येक पायरीला काम दुप्पट होतं, म्हणजे १२ वरून १० केला की एक-चतुर्थांश. १० च्या खाली मात्र जाऊ नका. जुने हॅश तसेच तपासता येतात, कारण कॉस्ट हॅशच्या आतच लिहिलेला असतो; यशस्वी लॉगिनच्या वेळी नव्या कॉस्टने पुन्हा हॅश करून ठेवा.

आणि रोज सकाळी सगळ्यांना लॉगिन का करावं लागतं, ते शोधा. टोकनची मुदत बारा किंवा चोवीस तासांची असेल तर गर्दी तुम्हीच घडवताय. छोट्या मुदतीचं अॅक्सेस टोकन आणि महिनाभराचं रिफ्रेश टोकन ठेवलं की दहा वाजताचा बीक्रिप्टचा लोंढा जवळपास संपतो.

दुसरं ५०२. नोडच्या एचटीटीपी सर्व्हरचा कीप-अलाइव्ह टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं) डीफॉल्टने ५ सेकंद असतो. पुढचा लोड बॅलन्सर बहुतेक ६० सेकंद कनेक्शन उघडं धरतो. सहाव्या सेकंदाला नोड कनेक्शन बंद करतो, नेमक्या त्याच क्षणी बॅलन्सर त्यावर पुढची रिक्वेस्ट पाठवतो, तिकडून रीसेट येतो आणि ग्राहकाला ५०२ दिसतो. गर्दी नसताना जास्त येतो, कारण कनेक्शन रिकामी पडून राहतात. सर्व्हरचा कीप-अलाइव्ह टाइमआउट ६५ सेकंद आणि हेडर्स टाइमआउट ६६ सेकंद करा. दोन ओळींचं काम आहे, आजच करा.

आता आवृत्ती. नोड १६ चा आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, तोही ठरल्यापेक्षा आधी, कारण त्यातल्या ओपनएसएसएल १.१.१ चा आधार त्याच दिवशी संपत होता. पैशांचे व्यवहार असलेली प्रणाली त्यावर ठेवणं बरं नाही. माझं मत नोड २४. मे २०२५ मध्ये आला, ऑक्टोबर २०२५ पासून एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) आहे आणि एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार. तीन जणांच्या टीमला एवढी निश्चिंती लागते.

नदीकाठ

पलासियादादांचं निदान मान्य. पण बनला नुसतं वेगाचं खेळणं समजू नका, म्हणून थोडं लिहितो.

बन जावास्क्रिप्टकोअरवर, म्हणजे सफारीच्या इंजिनावर चालतं; नोड आणि डेनो दोन्ही क्रोमच्या व्ही८ वर. १.० आवृत्ती सप्टेंबर २०२३ ला आली. टाइपस्क्रिप्ट थेट चालतं, एनम आणि टीएसकॉन्फिगमधले पाथ्सही समजतात. टेस्ट रनर, बंडलर, पॅकेज मॅनेजर, एसक्यूलाइट, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि रेडिसचे क्लायंट, सगळं आतच. नव्या सेवेसाठी पॅकेज.जेसनमध्ये दोन-चार डिपेंडन्सीत भागतं. जेवढी पॅकेजं कमी तेवढी सांभाळायची जबाबदारी कमी.

पण सियागंजकर, तुमच्यासारख्या चालू प्रणालीत पुढच्या गोष्टी आधी तपासा:

१. ‘बन रन’ लिहिलं म्हणजे बनवरच चालतंय असं नाही. स्क्रिप्टमधल्या कमांडच्या पहिल्या ओळीत नोडचा शेबँग (फाइल कशाने चालवायची ते सांगणारी खूण) असेल तर बन ती नोडवरच चालवतं. बनवरच चालवायचं तर ‘डॅश-डॅश-बन’ हा फ्लॅग लागतो. खात्री करायला सुरुवातीलाच प्रोसेस.व्हर्जन्स.बन लॉगमध्ये छापा. अनडिफाइन्ड आलं तर तुम्ही मोजलेला वेग नोडचा आहे.

२. बन.सर्व्हचा आयडल टाइमआउट डीफॉल्टने १० सेकंद आहे, जास्तीत जास्त २५५. म्हणजे वरचा ५०२ चा घोळ इथेही तसाच. सर्व्हर-सेंट इव्हेंट्स वापरत असाल तर दहा सेकंद शांतता झाली की प्रवाह तुटतो. मध्ये मध्ये रिकामी कॉमेंट ओळ पाठवत राहायची किंवा टाइमआउट वाढवायचा.

३. पासवर्ड. बीक्रिप्ट ७२ बाइट्सच्या पुढचं बघतच नाही. बन.पासवर्डमध्ये बीक्रिप्ट निवडलं आणि पासवर्ड ७२ बाइट्सपेक्षा मोठा असला तर तो आधी एसएचए-५१२ मधून जातो, मग बीक्रिप्टमध्ये. त्यामुळे नोडच्या बीक्रिप्ट पॅकेजने केलेला मोठ्या पासवर्डचा हॅश बन.पासवर्डला जुळणार नाही. एवढा मोठा पासवर्ड कोण ठेवतो? देवनागरीत ठेवणारा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, म्हणजे मात्रा-वेलांट्या-हलंत धरून २४ चिन्हांतच ७२ भरतात. ‘माझं किराणा दुकान सियागंजात आहे’ एवढं वाक्य लिहिलं की झालंच. बन.पासवर्डचं डीफॉल्ट अर्गॉन२आयडी आहे. नव्या प्रणालीत तेच ठेवा म्हणजे हा प्रश्न येत नाही. जुन्या हॅशसाठी जुनंच पॅकेज राहू द्या.

४. एन-एपीआय या नोडच्या स्थिर इंटरफेसवर बांधलेले नेटिव्ह (सी++ सारख्या भाषेत लिहिलेले) मॉड्यूल बहुतेक चालतात. व्ही८ चे सी++ एपीआय थेट वापरणारे जुने मॉड्यूल अडू शकतात, कारण आत व्ही८ नाहीच. प्रत्येक नेटिव्ह पॅकेज एकेक करून चालवून बघा.

निदान पॅकेज मॅनेजर म्हणून बन आजच घ्या, रनटाइम नोड ठेवून. ‘बन इन्स्टॉल’ सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेत) लक्षात येण्याइतका वेळ वाचवतो. फक्त दोन लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) एकत्र ठेवू नका. एकाच्या मशीनवर पॅकेज-लॉक बदलतो, दुसऱ्याकडे बन.लॉक, आणि सर्व्हरवर तिसरंच काही बसतं. एक ठेवा, दुसरी गिटमधून काढा, सीआयमध्ये फ्रोझन-लॉकफाइल फ्लॅग लावा.

रीगल_चौक

मालकांना ‘वेगवान’ म्हणजे काय ते आकड्यांत दाखवा.

समजा बिल तयार करणारी रिक्वेस्ट ५० मिलिसेकंद घेते. त्यातले ४२ मायएसक्यूएलच्या उत्तराची वाट बघण्यात, ४ जेसन आणि तुमच्या कोडमध्ये, ४ खुद्द एचटीटीपी हाताळण्यात. रनटाइमने एचटीटीपीचा वेळ अर्धा केला तरी ५० चे ४८ होतात. इंटरनेटवर दिसणारे तक्ते ‘हॅलो वर्ल्ड’ परतवणाऱ्या सर्व्हरचे असतात. त्यात ते ४२ मिलिसेकंद नसतातच, म्हणून फरक एवढा मोठा दिसतो. तुमच्याकडे बिलाच्या टेबलवर पेढी आणि तारीख यांचा एकत्र इंडेक्स आहे का? नसेल तर तो लावल्याने जे मिळेल ते कुठलाही रनटाइम देणार नाही.

तरी मोजायचंच असेल तर नीट मोजा. भार देणारं मशीन वेगळं हवं. त्याच दोन कोअरवर ऑटोकॅनन चालवलं तर ते सर्व्हरचाच सीपीयू खातं. पहिली ३० सेकंदं सोडून द्या, जेआयटी (चालता चालता कोड वेगवान करणारा कंपायलर) तापायला वेळ लागतो. सरासरी बघू नका, पी९९ (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट ज्याच्या आत संपतात तो वेळ) बघा. डेटाबेस खऱ्या आकाराचा घ्या, शंभर बिलांच्या टेबलवर सगळंच पळतं. आणि ठराविक दराने रिक्वेस्ट पाठवणारं साधन वापरा. उत्तर आल्यावरच पुढची पाठवणारं साधन सर्व्हर अडकला की स्वतःही थांबतं, त्यामुळे सगळ्यात वाईट क्षण मोजणीतून निसटतात.

नोडमध्ये परफ_हुक्समधलं मॉनिटर-इव्हेंट-लूप-डिले सुरू करा आणि दर दहा सेकंदांनी त्याचा पी९९ लॉगमध्ये टाका. तो दोन आकडी मिलिसेकंदांत राहिला तर इव्हेंट लूप (तुमचा कोड पाळीपाळीने चालवणारं चक्र) मोकळा आहे, अडचण डेटाबेसमध्ये किंवा थ्रेडपूलमध्ये शोधा. तो शेकड्यांत गेला तर कुठेतरी मोठं जेसन, सिंक फाइल वाचन किंवा भलताच रेग्युलर एक्स्प्रेशन बसलाय.

लोकमान्यनगर

डेनोबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते.

डेनो रायन डालचा, ज्याने २००९ मध्ये नोड केला त्याचाच. २०१८ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये त्याने नोडमधल्या दहा पस्ताव्याच्या गोष्टी सांगितल्या आणि तिथेच डेनो जाहीर केला. १.० मे २०२० मध्ये, २.० ऑक्टोबर २०२४ मध्ये. २.० मध्ये पॅकेज.जेसन, नोड_मॉड्यूल्स आणि एनपीएम या नोडच्या पॅकेज-साठ्यातली पॅकेजं चालतात, त्यामुळे ‘डेनोवर काहीच चालत नाही’ ही तक्रार जुनी झाली.

त्याची खरी किंमत परवानग्यांत आहे. काहीही न देता चालवला तर प्रोग्रामला नेटवर्क, फाइल, एन्व्हायर्नमेंट यातलं काही मिळत नाही. अलाउ-नेट ला फक्त डेटाबेसचा पत्ता आणि पोर्ट, अलाउ-रीड ला एक फोल्डर, अलाउ-एन्व्ह ला दोन नावं, असं मोजून देता येतं. सर्व्हरवर नो-प्रॉम्प्ट लावायचं, म्हणजे परवानगी नसली की विचारत न बसता सरळ चूक येते.

पण तुमच्या यादीकडे बघून सांगते, तुमच्या मुख्य बॅकएंडला याचा फायदा फारसा होणार नाही. शार्प आणि बीक्रिप्ट नेटिव्ह आहेत, त्यांना अलाउ-एफएफआय लागतं. पपेटियर क्रोम सुरू करतो, त्याला अलाउ-रन. ज्या प्रक्रियेला दुसरी प्रक्रिया सुरू करता येते किंवा नेटिव्ह कोड बोलावता येतो, तिच्यापुढे बाकीची बंधनं नावापुरती उरतात, कारण तो नेटिव्ह कोड किंवा ती नवी प्रक्रिया डेनोच्या कुंपणाबाहेर असते. मग कोणीतरी कंटाळून ‘डॅश-ए’ लिहितं आणि सगळं उघडं. डेनो तिथे घ्या जिथे काम छोटं आणि सरळ आहे: पेमेंटचं वेबहुक घेणं, व्यापाऱ्यांनी पाठवलेल्या एक्सेल फाइली तपासणं.

नोडवरच राहणार असाल तरी पॅकेजांच्या सुरक्षेचं एक काम करा. सप्टेंबर २०२५ मध्ये आधी चॉक आणि डीबगसारखी कोट्यवधी वेळा उतरवली जाणारी पॅकेजं दूषित झाली, मग शाय-हुलूद नावाचा किडा एनपीएमवर एका पॅकेजातून दुसऱ्यात पसरला. इन्स्टॉल होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट हा त्याचा रस्ता. डेनो त्या स्वतःहून चालवत नाही. बन ठराविक विश्वासू यादीपलीकडे चालवत नाही, पीएनपीएम या पॅकेज मॅनेजरनेही आवृत्ती १० पासून बंद केल्या. एनपीएममध्ये .एनपीएमआरसी फाइलीत इग्नोर-स्क्रिप्ट्स ट्रू करा, आणि ज्याला खरंच लागते, उदाहरणार्थ बीक्रिप्ट, त्याच्यापुरतं ‘एनपीएम रीबिल्ड’ त्या पॅकेजचं नाव आणि इग्नोर-स्क्रिप्ट्स फॉल्स हा फ्लॅग देऊन चालवा. नवी आवृत्ती निघाल्याबरोबर घेऊ नका. पीएनपीएम आणि बन दोन्हींत मिनिमम-रिलीज-एज आहे, तीन दिवसांचं ठेवा. दूषित आवृत्त्या बहुधा तेवढ्यात काढल्या जातात.

सियागंजकर

कीप-अलाइव्ह बदललं. टोकनचं पलासियादादा म्हणाले तसंच आहे, मुदत चोवीस तास आहे.

दोन गोष्टी राहिल्या. पेढ्यांच्या काउंटरवर जुने विंडोज पीसी आहेत, तिथे थर्मल प्रिंटरला बिल पाठवणारा छोटा प्रोग्राम चालवायचाय. प्रत्येक ठिकाणी नोड बसवत फिरायला नको. आणि सगळं टाइपस्क्रिप्टमध्ये न्यायचं तर बिल्डची पायरी टाळता येते का?

नदीकाठ

काउंटरसाठी बन अगदी योग्य. ‘बन बिल्ड’ ला कंपाइल फ्लॅग दिला की रनटाइमसकट एकच एक्झी फाइल होते, आणि लिनक्सवर बसून विंडोजची फाइल तयार करता येते. आकार शंभर एमबीच्या घरात जातो, पेनड्राइव्हने नेता येईल.

मोठी अडचण जुन्या पीसीची. बनच्या नेहमीच्या एक्स६४ बिल्डला एव्हीएक्स२ सूचना असलेला प्रोसेसर लागतो, म्हणजे इंटेलचा हॅसवेल, २०१३ आणि त्यापुढचा. त्या काळातल्या स्वस्त पेंटियम-सेलेरॉनमध्ये मात्र हॅसवेल असूनही एव्हीएक्स२ नाही. अशा पीसीवर प्रोग्राम उघडताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतो, विंडोजवर कधी काहीच न सांगता बंद होतो, आणि माणूस प्रिंटरची वायर तपासत बसतो. टार्गेट देताना ‘बेसलाइन’ असलेलं निवडा, म्हणजे विंडोज-एक्स६४-बेसलाइन. विंडोज १० च्या खालचं आणि ३२ बिटचं पीसी असेल तर हा मार्ग बंदच.

लोकमान्यनगर

याच कामाला डेनो कंपाइलचाही विचार करा. कंपाइल करताना दिलेल्या परवानग्या त्या एक्झीत पक्क्या होतात. अलाउ-नेटला तुमचा सर्व्हर आणि प्रिंटरचा आयपी-पोर्ट, बाकी काही नाही. नेटवर्कवरचे थर्मल प्रिंटर बहुतेक ९१०० पोर्टवर कच्चे बाइट घेतात, तेवढं टीसीपीने होतं. व्यापाऱ्याच्या पीसीवर त्याचं टॅलीही असतं. आपल्या प्रोग्रामला त्या फोल्डरकडे बघताच येऊ नये हे त्यालाही आवडेल. यूएसबी प्रिंटर असेल तर नेटिव्ह ड्रायव्हर आला, मग नदीकाठ म्हणतात ते बरं.

पलासिया_नाका

टाइपस्क्रिप्टचं. नोड २२.१८ आणि २४ मध्ये .टीएस फाइल फ्लॅगशिवाय थेट चालते. आत नोड फक्त टाइप पुसतो, तपासत नाही. याचे परिणाम: एनम आणि कन्स्ट्रक्टरमधल्या पॅरामीटर प्रॉपर्टी चालत नाहीत, कारण त्या पुसून भागत नाही, त्यांचा कोड तयार करावा लागतो. टीएसकॉन्फिग वाचला जात नाही, म्हणून पाथ्सची टोपणनावं चालत नाहीत, त्याऐवजी पॅकेज.जेसनमधले हॅशने सुरू होणारे इम्पोर्ट्स वापरा. इम्पोर्टमध्ये .टीएस हे एक्स्टेन्शन लिहावंच लागतं. टाइप आणायचे तर ‘इम्पोर्ट टाइप’ लिहावं लागतं. टाइपस्क्रिप्ट ५.८ मधला इरेझेबल-सिन्टॅक्स-ओन्ली पर्याय सुरू ठेवा, चालणार नाही असं काही लिहिलं की एडिटरच लाल करतो. आणि सीआयमध्ये ‘टीएससी नो-एमिट’ हवंच, तीनही रनटाइमना हे लागू. टाइप तपासणं राहिलं की टाइपस्क्रिप्ट असून नसल्यासारखं.

आता १६ वरून २४. या क्रमाने जा:

आधी मशीन. उबुंटू १८.०४ मध्ये ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२७ आहे, आणि नोड १८ पासूनच्या अधिकृत बायनरींना २.२८ लागतं. जुन्या मशीनवर ‘ग्लिबसी_२.२८ नॉट फाउंड’ येईल. त्यावर ग्लिबसी हाताने चढवायला जाऊ नका, अख्खी मशीन उठेनाशी होते. उबुंटू २४.०४ चं नवं मशीन घ्या, जुनं शेजारी चालू ठेवा.

मग नोड_मॉड्यूल्स पूर्ण काढून नव्याने ‘एनपीएम सीआय’. जुनं फोल्डर कॉपी केलंत तर नोड_मॉड्यूल_व्हर्जन ९३ विरुद्ध १३७ अशी चूक दिसू शकेल. ९३ म्हणजे नोड १६ साठी बांधलेलं, १३७ म्हणजे २४ ला हवं असलेलं.

मायएसक्यूएलचं जुनं ‘मायएसक्यूएल’ पॅकेज असेल तर आत्ताच ‘मायएसक्यूएल२’ वर या, जुन्याला ८ ची डीफॉल्ट ऑथेंटिकेशन पद्धत येत नाही. होस्ट म्हणून लोकलहोस्ट लिहिलंय का बघा. नोड १७ पासून डीएनएसने दिलेला क्रम तसाच घेतला जातो, लोकलहोस्ट ::१ वर जाऊ शकतो, मायएसक्यूएल किंवा रेडिस मात्र १२७.०.०.१ वरच ऐकत असतं आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येऊ शकतं. सरळ १२७.०.०.१ लिहा.

नोड २४ मध्ये ओपनएसएसएल ३.५ आहे आणि सुरक्षा पातळी २ डीफॉल्ट. २०४८ बिटपेक्षा छोट्या आरएसए चाव्या असलेल्या सर्व्हरशी बोलणी होत नाहीत. एसएमएस, पेमेंट, जीएसटीच्या मध्यस्थ सेवा, जिथे जिथे तुमचं बॅकएंड बाहेर बोलतं तिथली प्रत्येक रिक्वेस्ट नव्या मशीनवरून एकदा करून बघा. नडली तर समोरच्याला चावी बदलायला सांगा. सगळ्या प्रोसेसची पातळी खाली आणू नका, फार तर त्या एका कनेक्शनच्या एजंटपुरती.

जुनी पॅकेजं यूटिल.इझडेट, यूटिल.इझफंक्शन वगैरे बोलावत असतील तर ती थांबतील, नोड २३ मध्ये ती काढली. ग्रेपने नोड_मॉड्यूल्समध्ये शोधा.

एक्सप्रेस ४ तूर्त राहू द्या. रनटाइम आणि फ्रेमवर्क एकाच दिवशी बदललं की बिघाड कुणामुळे ते कळत नाही. पुढे ५ वर जाल तेव्हा नुसता तारा असलेले राउट चालणार नाहीत, ताऱ्याला नाव द्यावं लागतं. असिंक हँडलरमधली चूक मात्र आपोआप पुढे जाते, तेवढ्यासाठी ५ घेण्यासारखा आहे.

सॉकेट डॉट आयओ दोन प्रोसेसवर आहे. स्टिकी सेशन (एका ग्राहकाला नेहमी त्याच प्रोसेसकडे पाठवणं) नसेल तर पोलिंगची पहिली रिक्वेस्ट एका प्रोसेसला आणि दुसरी दुसऱ्याला जाते, ‘सेशन आयडी अननोन’ म्हणून ४०० येतो. ट्रान्सपोर्ट फक्त वेबसॉकेट ठेवा आणि रेडिस अॅडाप्टर लावा.

पपेटियर या प्रोसेसमधून बाहेर काढा. रेडिसवर रांग, वेगळी वर्कर प्रोसेस, एका वेळी एकच क्रोम. चार जीबीत मायएसक्यूएल, दोन नोड आणि बेहिशेबी क्रोम मावत नाहीत. नोडला मॅक्स-ओल्ड-स्पेस-साइझ ७६८ द्या. प्रोसेस १३४ कोडने मेली तर व्ही८ चा हीप भरला, १३७ ने मेली तर बाहेरून मारली गेली, बहुधा कर्नलने मेमरी संपल्यामुळे. दोन्हींची दुरुस्ती वेगळी, म्हणून कोड लॉगमध्ये हवा.

छत्रीबाग

पीडीएफ वर्कर नव्या कंटेनरमध्ये टाकाल तेव्हा फाँट विसरू नका. डेबियनच्या स्लिम इमेजमध्ये देवनागरी फाँट नसतो, मालाच्या नावांच्या जागी चौकोन छापले जातात. फाँट्स-नोटो-कोअर किंवा फाँट्स-लोहित-देवा बसवा.

आकडे: इंटल.नंबरफॉरमॅट ला ‘एमआर-आयएन’ दिलं तर डीफॉल्टने देवनागरी अंक येतात, ‘एचआय-आयएन’ ला इंग्रजी. हिंदी आणि मराठी बिलांत तोच कोड वेगवेगळे अंक छापेल. दोन्हीकडे सारखे हवे असतील तर लोकेलला यू-एनयू-लॅटन किंवा यू-एनयू-देवा जोडा. लाख-कोटीचे स्वल्पविराम दोन्हींत बरोबर पडतात. आणि ही छापील किंमत पुन्हा नंबर() मध्ये घालू नका, नॅन मिळेल; रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून साठवा, रूप फक्त छापताना द्या.

सियागंजकर

ठरलं मग. मुख्य बॅकएंड नोड २४, काउंटरचा प्रोग्राम नेटवर्क प्रिंटर असलेल्या पेढ्यांत डेनो, यूएसबीवाल्यांना बनचं बेसलाइन. पीएनपीएम घेतोय, मिनिमम-रिलीज-एजसकट.

उद्या मुख्य बॅकएंड बनवर न्यावंसं वाटलं तर रस्ता मोकळा राहावा म्हणून आत्ता काय पाळायचं?

रीगल_चौक

नवा कोड वेब-मानक एपीआयवर लिहा: फेच, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, यूआरएल, वेब क्रिप्टो, वेब स्ट्रीम्स. ही तिन्हीकडे आहेत. एक्मा या मानक-संस्थेच्या टीसी५५ समितीत याच समान एपीआयचं मानक बनतंय. नव्या सेवेला एक्सप्रेसऐवजी होनो घेतलंत तर तोच हँडलर नोड, डेनो, बन तिन्हींवर चालतो, फक्त सुरुवातीची फाइल बदलते. बन.एसक्यूएल, डेनो.केव्ही, नोड:एसक्यूलाइट अशा खास गोष्टी वापरायच्याच तर एका फाइलीत बंद करा, बाकीच्या कोडला त्यांचं नाव दिसू नये.

टेस्टही तशाच. बिलाची बेरीज, जीएसटीचं राउंडिंग, ऑर्डरच्या स्थितीचे बदल, हे सर्व्हर न उठवता चालणाऱ्या टेस्टमध्ये ठेवा. आठवड्यातून एकदा सीआयमध्ये तोच संच बनवर चालवा, लाल आला तरी बिल्ड थांबवू नका, फक्त यादी ठेवा. ती यादी रिकामी झाली की बदलायचा विचार करा.

नदीकाठ

आणि बदलण्याआधी देखरेखीचं बघा. बहुतेक एपीएम (कामगिरीवर देखरेख ठेवणारे) एजंट नोडच्या मॉड्यूल लोडरमध्ये हात घालून काम करतात, बनवर ते सगळं पकडतील याची खात्री करून घ्यावी लागते. डीबगर आणि हीप स्नॅपशॉटही वेगळे, कारण इंजिन वेगळं. क्रोमच्या डेव्हटूल्सची सवय असलेल्याला ते शिकावं लागेल. रात्री मेमरी वाढत असताना हातात काय साधन आहे, याला मी वेगापेक्षा जास्त किंमत देतो, बन मला कितीही आवडलं तरी.

पलासिया_नाका

सियागंजकर, नवं मशीन लावाल तेव्हा एक. कंटेनरमध्ये ‘एनपीएम स्टार्ट’ ने प्रोसेस सुरू करू नका, थेट ‘नोड सर्व्हर.टीएस’ लिहा. मध्ये एनपीएम आणि शेल असले की सिगटर्म (थांबायचा सिग्नल) तुमच्या कोडपर्यंत पोचेलच असं नाही. डॉकर १० सेकंद वाट बघून जबरदस्तीने मारणारा सिगकिल देतो आणि अर्धवट बिल टेबलात राहतं. डॉकरला इनिट फ्लॅगही द्या. सिगटर्म आला की आधी हेल्थ-चेकला ५०३ द्यायचा, बॅलन्सरला ते कळेपर्यंत थांबायचं, मग सर्व्हर.क्लोज, मग रेडिस आणि मायएसक्यूएलचा पूल बंद. थांबायचा वेळ बॅलन्सरच्या हेल्थ-चेकच्या अंतराच्या दुप्पट-तिप्पट ठेवा आणि डॉकरचा स्टॉप-टाइमआउट त्याहून मोठा. जुन्या मशीनवरून रहदारी वळवायची ती दुपारी तीननंतर, आणि जुनं मशीन आठवडाभर बंद करू नका.

सियागंजकर

हेल्थ-चेकचं अंतर १० सेकंद आहे. म्हणजे ३० थांबतो, स्टॉप-टाइमआउट ४५ ठेवतो.

पलासिया_नाका

बरोबर. फक्त वेबसॉकेटची कनेक्शनं सर्व्हर.क्लोजने सुटत नाहीत, ती उघडी असेपर्यंत क्लोज पूर्ण होत नाही. त्याऐवजी आयओ.क्लोज बोलवा, तो या प्रोसेसची सॉकेट तोडून सर्व्हरही बंद करतो. दुकानदारांची अॅप्स आपोआप पुन्हा जोडतील. सगळी एकदम येऊ नयेत म्हणून क्लायंटमधला रँडमायझेशन फॅक्टर ०.५ आहे तोच राहू द्या, शून्य केलेला असेल तर परत आणा.